खारा वारा किती वाजता येणार?

फेब्रुवारी २०२३ चा तिसरा आठवडा. पंचांगाने अजून शिशिर संपलेला नाही. कोकणात थंडी तशी नावालाच असते हे मान्य, पण या दिवसांत पहाटे अंगावर चादर लागते, आंब्याच्या मोहोरात कणी, म्हणजे नुकतं धरलेलं बारीक फळ, दिसू लागते आणि दुपारी बाराच्या आगेमागे समुद्रावरून वारं, म्हणजे खारा वारा, सुटतं. नेमक्या त्या आठवड्यात भारतीय हवामान विभागाने कोकण आणि कच्छसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. ‘तुरळक ठिकाणी’ हे नेहमीचे शब्द त्यात होतेच. आणि एक-दोन दिवसांत तो इशारा मागेही घेतला गेला.

दिलेला इशारा मागे घेतला की आपल्याकडे हसायची रीत आहे. ‘छत्री घेऊ नका म्हणाले की घ्यायची’ हा विनोद एव्हाना पिढीजात झाला आहे. मला मात्र हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी उलगडून पाहावंसं वाटलं. इशारा देणं बरोबर होतं आणि मागे घेणंही बरोबर होतं, असं माझं मत आहे. दोन्ही निर्णय एकाच प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेले होते: उद्या खारा वारा किती वाजता येणार? किनाऱ्यावरची फेब्रुवारीतली उष्णता आणि त्याच दिवसांत पहाटे दिसणारं धुकं ही एकमेकांशी फटकून असलेली दोन संकटं वाटतात. दोन्हींचं कुलूप एकच आहे आणि किल्लीही एकच.

आधी त्या महिन्याचा हिशेब मांडू. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ अंश सेल्सियस भरलं. १९०१ पासूनच्या नोंदींत फेब्रुवारीसाठी हा उच्चांक होता. त्याआधीचा उच्चांक २०१६ चा, २९.४८ अंश. सरासरीपेक्षा वाढ सुमारे पावणेदोन अंशांची. पावणेदोन म्हणजे काय एवढं, असं वाटू शकतं, पण अख्ख्या देशाची आणि अख्ख्या महिन्याची सरासरी इतकी हलते तेव्हा त्यामागे कुठे चार, कुठे सहा, कुठे आठ अंशांनी चढलेले दिवस असतात. भूजमध्ये महिन्याच्या मध्यालाच पारा चाळिशी ओलांडून गेला होता. पाऊस सरासरीच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी पडला, कारण हिवाळ्यात उत्तरेला पाऊस आणि बर्फ घेऊन येणारे पश्चिमी विक्षोभ त्या महिन्यात दुबळेच राहिले. उत्तरेत गव्हाच्या दाण्याची काळजी सुरू झाली आणि केंद्र सरकारने पिकावर लक्ष ठेवायला समिती नेमली.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. तो ला निनाचा सलग तिसरा हिवाळा होता. ला निनात प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातलं पाणी नेहमीपेक्षा गार होतं. ला निना म्हणजे आपल्याकडे कडाक्याची थंडी, असं समीकरण बातम्यांतून पक्कं बसलेलं आहे. त्या फेब्रुवारीने ते खुशाल मोडलं. एका प्रदेशाचा आठवड्याभराचा अंदाज काढताना प्रशांत महासागराकडे बोट दाखवून भागत नाही. डोक्यावरच्या हवेत काय चाललं आहे ते पाहावं लागतं.

आणि डोक्यावर होतं प्रत्यावर्त. दक्षिण गुजरातच्या वर हवेचा उच्च दाबाचा भोवरा ठाण मांडून बसला होता. अशा भोवऱ्यात हवा वरून खाली बसत येते. बसताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तसंच. शिवाय भोवरा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्यामुळे त्याच्या दक्षिण अंगाला, म्हणजे कोकणाच्या बाजूला, वारे पूर्वेकडून वाहतात. देशावरून, म्हणजे घाटापलीकडच्या पठारावरून, घाट ओलांडून, खाली किनाऱ्याकडे.

या पूर्वेच्या वाऱ्याचं गणित साधं आहे. कोरडी हवा एक किलोमीटर खाली उतरली की जवळजवळ दहा अंशांनी तापते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. समजा पुण्यात दुपारी ३३ अंश आहेत, म्हणजे फेब्रुवारीच्या मानाने जरा चढेच, पण अंगाची लाही करणारे नव्हेत. तीच हवा सह्याद्री उतरून किनाऱ्याला टेकली तर वाटेत साडेपाच अंश कमावते. झाले साडेअडतीस. पुणेकर म्हणणार, ऊन वाढलं बुवा. रत्नागिरीकर म्हणणार, हे काय आक्रीत. हवा तीच.

घाटाच्या पायथ्याला हे आणखी जोरात जाणवतं. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. विदर्भालाही लाजवणारा आकडा, आणि तोही मार्चमध्ये, किनारी जिल्ह्यात! कोकण म्हणजे समुद्र आणि समुद्र म्हणजे सौम्य हवा, हे समीकरण महाड, कर्जत, भिरा या पट्ट्याला लागू नाही. तिथे खारा वारा पोचतो तो थकून, उशिरा, आणि काही दिवशी पोचतच नाही.

आता समुद्राची बाजू. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा तिची जागा घ्यायला येते. तो खारा वारा. रात्री उलट, तो मतलई. पुस्तकात हे दोन बाणांचं सोपं चित्र असतं. प्रत्यक्षात खाऱ्या वाऱ्याला आत येण्यासाठी समोरून येणाऱ्या वाऱ्याशी झगडावं लागतं. पूर्वेचा वारा मंद असेल तर खारा वारा अकरा-साडेअकरालाच किनारा ओलांडतो. पूर्वेचा जोर असेल तर तो किनाऱ्याबाहेर ताटकळत राहतो आणि दोन-तीन वाजता कसाबसा आत शिरतो. तोवर जमीन तापायची ती तापून गेलेली असते. फेब्रुवारीत कोकणालगतचं समुद्राचं पाणी साधारण २६ ते २८ अंशांच्या घरात असतं, म्हणजे त्यावरून येणारी हवा काही बर्फासारखी नसते. तरी अडतीस अंशांत उभ्या असलेल्या माणसाला तिचा पहिला झोत लागतो तेव्हा देव भेटल्यासारखं होतं.

म्हणून अशा दिवसांत कमाल तापमान किती, यापेक्षा ते किती वाजता नोंदलं गेलं हे मी आधी पाहतो. खारा वारा वेळेवर आला असेल तर पारा बारा-साडेबारालाच शिखर गाठतो आणि मग उतरू लागतो. पूर्वेने दिवस जिंकला असेल तर शिखर अडीच-तीनला येतं. मुंबईत तर एकाच शहरात दोन हवामानं दिसतात. कुलाब्याला जवळजवळ तिन्ही बाजूंनी पाणी, तिथे पारा चढायला बिचकतो. सांताक्रूझला तो मोकळा चढतो. सांताक्रूझचा फेब्रुवारीतला विक्रम ३९.६ अंशांचा आहे आणि तो २५ फेब्रुवारी १९६६ चा. म्हणजे हिवाळ्यात किनाऱ्यावर चाळिशीला टेकणं ही आजची नवलाई नाही. फरक पडला आहे तो असे दिवस किती वेळा येतात, किती लवकर येतात आणि आल्यावर किती दिवस मुक्काम करतात यात.

सदतीसचा उंबरठा

उष्णतेची लाट म्हणायची कशाला, याचे नियम ठरलेले आहेत. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं, डोंगराळ भागात ३०, आणि किनाऱ्यावर ३७. शिवाय ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर हवं. एका हवामान उपविभागातल्या किमान दोन ठिकाणी सलग दोन दिवस हे घडलं की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

किनाऱ्याचा नियम फेब्रुवारीत लावून पाहिला की एक गोष्ट लक्षात येते. मुंबईत फेब्रुवारीतलं सरासरी कमाल तापमान ३१ च्या आसपास असतं. साडेचार अंश वर म्हणजे साडेपस्तीस. ही अट तर पारा सदतीसला पोचायच्या आधीच पूर्ण होते. अडवतो तो सदतीसचा उंबरठा. मे महिन्यात उलटं होतं. तेव्हा सरासरीच ३३ च्या वर असल्याने सदतीस गाठलं तरी साडेचारची अट अडवून धरते. एकच नियम दोन ऋतूंत दोन वेगळ्या जागी चावतो. म्हणून फेब्रुवारीत साडेछत्तीस अंश असलेला दिवस कागदावर ‘लाट नाही’ या रकान्यात जातो, मग तो सरासरीपेक्षा साडेपाच अंशांनी वर का असेना. अंगाला अजून उन्हाची सवय झालेली नसते, शाळा सकाळच्या झालेल्या नसतात, बांधकामावरच्या कामाच्या वेळा बदललेल्या नसतात. ३६.६ आणि ३७.१ यांत शरीराला काय फरक कळणार?

तरीही नियम ढिला करा असं मी म्हणणार नाही. उंबरठा कुठेतरी हवाच. मात्र उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना पाव अंशावर उभ्या असलेल्या दिवसांना वाचकाने एकाच नजरेने पाहावं, एवढं अंदाजात सांगता येतं.

आता इशारा मागे घेण्याकडे येऊ. आदल्या दिवशी अंदाजकाराच्या हातात काय असतं? सांताक्रूझला रोज पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला फुगा सोडला जातो. वर जाता जाता तो तापमान, आर्द्रता आणि वारा कळवतो. संगणकी प्रारूपं पुढच्या तीन दिवसांचे वारे दाखवतात. त्यांत हजार-दीड हजार मीटरवर पूर्वेचा जोर दिसला, प्रत्यावर्त जागचं हलत नाही असं दिसलं आणि आदल्या दोन दिवसांचा पारा छत्तीस-सदतीसच्या घरात असला, तर इशारा न देणं हा बेजबाबदारपणा ठरेल. उद्या वारा दोन वाजता आला तर किनारपट्टी ३८-३९ वर जाणार, हे उघड असतं.

पण प्रारूपाची अडचण अशी की वाऱ्याच्या दिशेत थोडा फरक आणि वेगात ताशी सात-आठ किलोमीटरचा फरक त्याच्या दृष्टीने किरकोळ चूक असते. किनाऱ्यावर त्याच किरकोळ चुकीने खारा वारा दोन तास अलीकडे येतो आणि दुपारचा पारा काही अंशांनी खाली राहतो. आत, म्हणजे नागपूर किंवा जळगावला, एवढ्या फरकाने अंदाज हलतही नाही. चौदा-पंधरा किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा आणि बावीस किलोमीटर वेगाचा पूर्वेचा वारा, यांच्यामध्ये किनाऱ्यावर लाटेचा दिवस आणि साधा गरम दिवस हे दोन्ही मावतात.

त्या आठवड्यात समुद्रावरचा वारा आत येणार अशी चिन्हं दिसली, तापमान उतरणार असं वाटलं आणि विभागाने इशारा मागे घेतला. पूर्वी दिलेल्या शब्दाला चिकटून बसण्यापेक्षा नवी नोंद आली की अंदाज बदलणं हेच अंदाजकाराचं काम. चुकलं असेल तर एवढंच की लोकांपर्यंत ‘इशारा मागे’ एवढा मथळा गेला आणि ‘वारा फिरतोय म्हणून’ हे कारण मात्र बातमीच्या तळाशी राहिलं. मागे घेतलेल्या इशाऱ्याचा अर्थ पुष्कळांनी ‘ऊन नाही’ असा घेतला असेल. ऊन होतंच. महिना संपला तेव्हा तो १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरलेला होता.

मग धुकं कुठून आलं?

किनाऱ्यावरचं धुकं म्हटलं की चित्रातलं दृश्य आठवतं: समुद्रावरून पांढरी भिंत चालत येते आणि गाव गिळते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर किंवा न्यूफाउंडलंडजवळ तसं होतं, कारण तिथलं पाणी थंड असतं आणि त्यावर आलेली उबदार, दमट हवा गारठून धुकं बनते. आपला अरबी समुद्र फेब्रुवारीतही कोमट. त्याच्यावर हवा तशी गारठत नाही. कोकणात समुद्र ओलावा पुरवतो आणि धुकं जन्मतं जमिनीवर, तेही बहुतेक करून नदीच्या खोऱ्यात. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या खोऱ्यांतून पहाटे जो दुधाळ पट्टा पसरतो तो असा तयार होतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन रात्रभर उष्णता वर फेकून गार झालेली, आणि तिला लागून असलेली हवा दवबिंदूपर्यंत, म्हणजे हवेतली वाफ पाणी होऊन साचू लागते त्या तापमानापर्यंत, उतरलेली.

आकड्यांत पाहिलं की वाऱ्याशी असलेलं नातं स्पष्ट होतं. संध्याकाळी हवा ३० अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, म्हणजे पूर्वेच्या कोरड्या वाऱ्याचा दिवस असेल, तर दवबिंदू साडेदहा अंशांच्या आसपास. कोकणातली रात्र कितीही गार झाली तरी सहसा तेवढी खाली जात नाही. धुकं नाही, दवही जेमतेम. आता तेच ३० अंश, पण आर्द्रता ६५ टक्के, म्हणजे दुपारी खारा वारा वेळेवर आलेला दिवस. दवबिंदू पावणेतेवीसच्या घरात. खोऱ्यात पहाटे पारा एकवीस-बावीसला उतरला की काम झालं.

म्हणजे पूर्वेचा वारा जिंकला तर दुपार भाजते आणि पहाट स्वच्छ असते. पश्चिमेचा जिंकला तर दुपार सुसह्य होते, पण पहाटे दव आणि धुकं. अंदाजात एकाच आठवड्यात ‘तापमानात वाढ’ आणि ‘पहाटे धुक्याची शक्यता’ ही दोन वाक्यं शेजारी वाचून गोंधळून जायला होतं. ती एकाच दिवसाबद्दल असतातच असं नाही. बहुतेक वेळा ती वाऱ्याच्या रस्सीखेचीतल्या दोन वेगवेगळ्या दिवसांबद्दल असतात. सर्वांत वाईट असतो मधला, पालटाचा दिवस. दुपारपर्यंत पूर्वेने तापवलेलं असतं, संध्याकाळी ओलावा घुसतो, रात्र निरभ्र असते. अशा दिवशी दुपारी घामाची शिसारी येते आणि दुसऱ्या पहाटे काशेडी किंवा परशुराम घाटाखाली गाडीचा दिवा पुढच्या वळणापर्यंत पोचत नाही.

धुक्याच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. हजार मीटरच्या आत दृश्यता आली की धुकं, दोनशेच्या आत दाट, पन्नासच्या आत अतिदाट. कोकणात अतिदाट क्वचितच, आणि नऊ-साडेनऊला ऊन चढलं की विरूनही जातं. उत्तरेसारखं दिवसेंदिवस बसून राहत नाही. म्हणून त्याला कोणी फारसं मनावर घेत नाही. पण पहाटे खाडीच्या तोंडातून आत येणाऱ्या छोट्या होडीला किंवा महामार्गावर रात्रभर गाडी चालवून पेंगुळलेल्या चालकाला तेवढे तीन तास पुरेसे असतात.

मुंबईत यात आणखी एक भानगड आहे. तिथे सकाळी दिसणारं पांढरट काहीतरी धुकं असतं की धुरकं? आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असेल तर धुक्याचा संशय घ्यावा. हवा कोरडी असूनही समोरची इमारत दिसत नसेल तर ती धूळ आणि धूर. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा दिवसचे दिवस वाईट होती आणि त्यातही वाऱ्याची अदलाबदल नीट न होणं हे एक कारण होतं. रात्री जमिनीवरचा वारा धूळ समुद्राकडे नेतो, दिवसा खारा वारा शहर धुऊन काढतो. हे येणं-जाणं मंदावलं की शहर आपल्याच श्वासात कोंडतं. धुरक्याला ‘काय मस्त हिवाळी सकाळ’ म्हणत फिरायला निघणारे पाहिले की मला काळजीच वाटते.

मोहोर कोणाच्या बाजूने?

या रस्सीखेचीची किंमत सर्वांत आधी मोजतो तो हापूस. फेब्रुवारीत झाडावर एकाच वेळी मोहोर, कणी, वाटाण्याएवढी फळं आणि लवकर धरलेल्या झाडांवर गोटीएवढी फळं, अशा सगळ्या अवस्था असतात. त्यामुळे ‘आंब्याला हे हवामान चांगलं की वाईट’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या फांदीबद्दल बोलताय?

दमट, ढगाळ, धुक्याची पहाट मोहोराला नको असते. भुरी रोगाला असा ओलावा भावतो. मोहोरावर पिठासारखी पांढरी बुरशी चढते आणि फळ धरायच्या आधीच मोहोर झडतो. तुडतुडेही अशाच हवेत फोफावतात आणि काजूच्या मोहोरावर ढेकण्या ही कीड. बागायतदार पहाटे पानावर हात फिरवून दव किती आहे ते बघतो, त्याला कारण आहे. फवारणीचं वेळापत्रक त्या ओल्या हातावर ठरतं.

उलट कोरडा, तापलेला पूर्वेचा वारा भुरीला मागे रेटतो, पण फुलकिड्यांना वाट मोकळी करतो. शिवाय तो वाटाण्याएवढ्या फळाच्या देठातलं पाणी ओढून घेतो आणि झाडाखाली फळांचा सडा पडतो. पहाटे अठरा आणि दुपारी अडतीस, असा एका दिवसात वीस अंशांचा झोका कोवळ्या फळाला झेपत नाही. रात्रीचा गारवा लांबला तर पुनर्मोहोराची वेगळीच डोकेदुखी: आधीच्या फळांना सोडून झाड नव्या मोहोराच्या नादी लागतं आणि आधीची फळं गळतात. पुढे फळ मोठं झाल्यावर जमिनीतून वर फेकली जाणारी धग फळात साका धरायला कारण होते. वरून देखणा आंबा आणि आत पांढरट, आंबूस गर. हापूस विकणाऱ्याला याहून मोठी नामुष्की नाही.

यावर कृषी विद्यापीठाचा सल्ला वर्षानुवर्षं जवळपास तोच आहे आणि तो योग्यच आहे. फळं वाटाणा, गोटी आणि अंडाकृती अवस्थेत असताना झाडाला पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दीडशे ते दोनशे लिटर पाणी, आळ्यात गवताचं आच्छादन, आणि गोटीच्या आकाराच्या फळांना कागदी पिशव्या. कातळावरच्या बागेत दीडशे लिटर पाणी प्रत्येक झाडाला आणायचं कुठून, हे मात्र ज्याचं त्यानेच बघायचं. पाणी टँकरने आणणाऱ्याच्या दृष्टीने इशारा दोन दिवस आधी मिळणं आणि तो मागे घेतला जाणं या दोन्हींचा हिशेब पैशांत होतो. उद्या लाट नाही हे त्याला आजच कळलं तर टँकर पुढच्या आठवड्यासाठी ठेवता येतो. मागे घेतलेला इशाराही त्याच्या कामाचा असतो, कारणासकट मिळाला तर.

२०२३ चा हंगाम हापूसला वाईट गेला. त्याचं सगळं पाप फेब्रुवारीच्या माथी मारू नये. परतीचा पाऊस लांबला की पालवी उशिरा पक्व होते आणि मोहोर मागे पडतो. फुलकिड्यांनी तर त्या वर्षी पुष्कळांना छळलं. पण मागे पडलेल्या मोहोराला कणी धरायच्या वेळीच १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला फेब्रुवारी गाठतो, तेव्हा चुकायचं ते सगळं एकाच महिन्यात चुकतं.

पुढचा महिना आणखी वेगळा निघाला. फेब्रुवारीच्या अखेरीस आलेल्या हंगामी अंदाजात मार्च ते मे या काळात देशाच्या बऱ्याच भागांत तापमान चढं राहील असं म्हटलं होतं. आणि मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभ एकामागून एक आले, देशात सरासरीपेक्षा जास्त पाऊस झाला, महाराष्ट्रात गारपिटीने द्राक्षं, कांदा, गहू झोडपले. होळीच्या सुमारास मुंबईतही पाऊस पडला. तीन महिन्यांचा अंदाज शक्यतेची भाषा बोलतो आणि आठवड्याचा वेगळी, हे ठाऊक असूनही ‘उन्हाळा कडक’ हा मथळा वाचून गहू-कांद्याची काढणी निवांत ठेवणाऱ्याचा त्यात बळी जातो.

तोच अंदाज, दुसऱ्या शब्दांत

प्रादेशिक अंदाज लिहिणाऱ्याला किनाऱ्यापुरती एक सवय लावून घेता येईल: तापमानाच्या आकड्याशेजारी वाऱ्याची वेळ द्यायची. ‘कोकणात तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट’ या वाक्यातून देवगडच्या बागायतदाराला, हर्णैच्या मच्छीमाराला आणि महाडच्या दुचाकीस्वाराला तिघांनाही काही हाती लागत नाही. अशाच एखाद्या फेब्रुवारीतल्या तीन दिवसांचा अंदाज, मी लिहिला असता तर, काहीसा असा लिहिला असता:

पहिला दिवस. पूर्वेचा वारा जोरात. खारा वारा किनाऱ्यावर दुपारी दोनच्या आधी येण्याची शक्यता कमी. किनाऱ्यावर ३७ ते ३९ अंश, महाड, कर्जत, चिपळूण पट्ट्यात त्याहून जास्त. हवा कोरडी, पहाट स्वच्छ. बागांना संध्याकाळी पाणी द्या. दुपारी बारा ते चार फवारणी नको.

दुसरा दिवस. वारा पालटण्याचा दिवस. खारा वारा बारा ते दोनच्या दरम्यान. तो बाराला आला तर कमाल ३४, दोनला आला तर ३७. कुठलं खरं होणार ते सकाळी नऊच्या नोंदीवरून सांगू. पारा उतरला तरी दुपारनंतर उकाडा वाढेल, घाम सुकणार नाही.

तिसरा दिवस. किनाऱ्यावर कमाल ३२ ते ३३. सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी खोऱ्यांत पहाटे चार ते साडेआठ धुकं, काही जागी दोनशे मीटरपलीकडचं दिसणार नाही. पहाटे खाडीत शिरणाऱ्या होड्यांनी दिवा आणि भोंगा तयार ठेवावा. मोहोरावर दव राहील. भुरीसाठी फवारायचं असेल तर दव सुकल्यावर, दहाच्या पुढे.